वेबसाइट मस्त चालते, मग न्यूजलेटर स्पॅममध्ये का जातं?

मंडळाची नाहीतर दुकानाची वेबसाइट होस्टिंगवर टाकली की सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पानावर, ईमेलची सोय फुकटात मिळते, त्यामुळे बहुतेकांना वाटतं की चला, सातशे-आठशे मेंबरांना दर महिन्याचं न्यूजलेटर इथूनच पाठवू, वेगळे पैसे कशाला. पाठवतातही. मग फोन सुरू होतात, कुणाला काही आलेलंच नसतं, कुणाला थेट स्पॅममध्ये सापडलेलं असतं. वेबसाइट तर झकास उघडते की! उघडणारच, वेबसाइट बघायला माणूस आपणहून येतो. मेल मात्र आपण दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकतो, आणि तिथला सर्व्हर आधी आपल्याकडे संशयानेच बघतो.

हा संशय उगाच नाहीये. मेल ज्या नियमांवर चालतो ते एसएमटीपी जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलं, तेव्हा नेटवर्कवर मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमधली मंडळी होती, म्हणून पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच त्यात ठेवली नाही. पाकिटाच्या मागे प्रेषक म्हणून कुणाचंही नाव लिहा, पोस्टमन थोडीच विचारतो! स्पॅम तर याच्याही आधीचा आहे, मे १९७८ मध्ये डीईसी कंपनीच्या गॅरी थर्क यांनी इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट या नेटवर्कवरच्या सुमारे ४०० जणांना कॉम्प्युटरची जाहिरात एकदम पाठवली होती आणि लोक जाम भडकले होते.

पुढे या भोकाला ठिगळं लावली गेली. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नाव-पत्त्यांच्या वहीत) लिहिलेली एक ओळ, आमच्या नावाने मेल कुठकुठल्या सर्व्हरवरून येऊ शकतो ते सांगणारी. डीकेआयएम म्हणजे मेलवर केलेली डिजिटल सही, वाटेत मजकूर बदलला की ती जुळत नाही. आणि डीमार्क सांगतं की हे दोन्ही फसलं तर मेलचं काय करायचं, जाऊ द्यायचा, स्पॅममध्ये टाकायचा की परत पाठवायचा.

या ठिगळांनी मेलिंग लिस्टवाल्यांची, म्हणजे एका पत्त्यावर मेल टाकला की सगळ्या मेंबरांना जातो अशा गटांची, कशी वाट लागली बघा. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपलं डीमार्क ‘परत पाठवा’वर टाकलं. आता लिस्टवर काय होतं, याहूवाला मेंबर मेल टाकतो, लिस्टचा सर्व्हर विषयाच्या आधी लिस्टचं नाव चिकटवतो, खाली दोन ओळी जोडतो आणि सगळ्यांना वाटतो. म्हणजे सर्व्हर याहूचा नाही आणि सहीही मोडलेली, मग जीमेलसारख्यांनी तो मेल परतवून लावला. गंमत पुढेच आहे, मेल परत आला म्हणून लिस्टच्या सॉफ्टवेअरने त्या बिचाऱ्या घेणाऱ्यांचेच पत्ते बंद पडलेत असं समजून त्यांनाच लिस्टमधून काढायला सुरुवात केली! म्हणून आता बऱ्याच लिस्टवर पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचाच पत्ता दिसतो.

होस्टिंगवरूनच मेल पाठवणाऱ्यांचं दुखणं मात्र शेजाऱ्यांचं. स्वस्त शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच आयपीवर (सर्व्हरच्या नेटवरच्या पत्त्यावर) शेकडो साइट असतात, त्यातल्या एखाद्याची जुनी वर्डप्रेस साइट हॅक होते, रातोरात तिथून हजारो फालतू मेल सुटतात आणि स्पॅमहाउससारख्या संस्थेच्या काळ्या यादीत तो आयपी जातो, म्हणजे आपणही गेलो. आपलं एसपीएफ, डीकेआयएम कितीही चोख असो. होस्टिंगवाले तासाला किती मेल पाठवायचे यावर मर्यादा घालतात ती याच भीतीने. माझं मत विचाराल तर वेबसाइट आहे तिथे राहू द्या, न्यूजलेटर मात्र त्यासाठीच्या वेगळ्या सर्व्हिसमधून पाठवा, फक्त डीएनएसमध्ये त्यांच्या ओळी टाकायला विसरू नका.

आता आपल्या मराठीची एक गोची. जीमेलमध्ये एखाद्या मराठी मेलचं ‘शो ओरिजिनल’ उघडून खालचा कच्चा मजकूर बघा, मराठी विषयाच्या जागी बहुधा इंग्रजी अक्षरांची रांग दिसेल आणि त्यात ‘४केएस’ (4KS), ‘४केडब्ल्यू’ (4KW) हे तुकडे पुन्हा पुन्हा येतील. ती आपली देवनागरीच आहे, मेलचा जुना रस्ता फक्त इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेला म्हणून असं रूप घेऊन जाते. शिवाय युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक अक्षराला आणि काना-मात्रेलाही तीन-तीन. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल दाखवताना कापतं. नुसता मजकूर एवढा होत नाही, पण रंगीबेरंगी टेम्प्लेटने आधीच साठ-सत्तर केबी खाल्लेले असतील आणि वर अख्खी कथा टाकली तर शेपूट उडतं, आणि अनसबस्क्राइबची लिंक नेमकी शेपटातच असते.

ती सापडली नाही की माणूस सरळ स्पॅमचं बटण दाबतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने सांगून ठेवलंय की अशा तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, म्हणजे आठशे मेंबरांत तिघांनी बटण दाबलं तरी आपण रेषेच्या पलीकडे. जीमेलला दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांना तर एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब देणं सक्तीचंच केलंय, ते मेलच्या हेडरमध्ये (मजकुराच्या आधीच्या, एरवी न दिसणाऱ्या माहितीत) जातं आणि जीमेल त्याचं बटण वर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दाखवू शकतं, खाली मेल कापला गेला तरी.