पार्श्वभूमी : महागाईत अर्थसंकल्पाचा आधार, बहात्तरच्या दुष्काळापासून ‘लाडकी बहीण’पर्यंत

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या कामगाराच्या पगारपत्रकावर ‘पी.टी.’ अशी एक कपात असते. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा व्यवसाय कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. जितका कर जमेल तितकीच भर राज्याने तिजोरीतून घालायची, असं ठरलं. अडचणीतल्या घरांना महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाने काय दिलं, हा इतिहास मी इथूनच सांगेन. मदत कुणाला, कशासाठी आणि कुणाच्या खिशातून, या तिन्ही गोष्टी तेव्हा उघड होत्या.

योजनेची मूळ कल्पना विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागे यांची. १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव भागात तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली. नाशिक जिल्ह्यात सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड हे पावसाने नेहमीच ताणलेले तालुके. तिथली कुटुंबंच्या कुटुंबं खडी फोडायला, पाझर तलावाच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामांवर गेली. जुनी माणसं त्या काळात वाटलेल्या सुकडीची (पौष्टिक पिठाची) आणि मिलोच्या (परदेशी लाल ज्वारीच्या) भाकरीची आठवण अजून काढतात. १९७७ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला आणि २००५ साली देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. मागेल त्याला काम, एवढीच अट होती. उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नव्हतं.

दाखल्यांचा जमाना रेशनबरोबर आला. मनमाडला भारतीय अन्न महामंडळाची अवाढव्य गोदामं आहेत, त्यामुळे धान्याच्या रेल्वे वाघिणी भरताना-उतरताना पाहणं या जिल्ह्याला नवं नाही. पण १९९७पर्यंत रेशन साधारण सगळ्यांसाठी होतं. त्या वर्षी ‘लक्ष्यनिर्धारित’, म्हणजे गरीब कुटुंबं वेगळी काढून करायचं वितरण सुरू झालं आणि १९९९ साली महाराष्ट्रात पिवळं, केशरी, पांढरं अशी तीन रंगांची कार्डं आली. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य कायम केलं. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये किलो. जानेवारी २०२३पासून तेही फुकट झालं.

या व्यवस्थेचं एक मोठं बळ आहे. बाजारात गव्हाचा भाव कितीही चढो, ५ किलो हे ५ किलोच राहतात. दुबळी बाजू आहे ती पात्रतेची. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा ठरली शहरात वर्षाला ५९,००० आणि गावात ४४,००० रुपये. शहरातला आकडा महिन्याला पाच हजारांहूनही कमी भरतो. पंचवटीत किंवा सिडकोत भाड्याच्या खोलीत राहणारं कमावतं कुटुंब या आकड्यात बसवायचं कसं? शिवाय तेल, डाळ, साखर यांची महागाई धान्याने भागत नाही. २०२२च्या दिवाळीला राज्याने १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ काढला, पण तो सणापुरता.

गॅसची कथा थोडक्यात. अनुदानाच्या सिलिंडरवर २०१२ला वर्षाला सहाची मर्यादा आली, ओरड झाल्यावर ती नऊ आणि २०१४ला बारा झाली. २०१५पासून अनुदान थेट खात्यात येऊ लागलं आणि मे २०२०नंतर बहुतेकांच्या खात्यात ते यायचंच थांबलं. खात्यात येणारा पैसा बंद झाला की दुकानात रांग लागत नाही, ओरडही होत नाही. पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क केंद्राने नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२मध्ये कमी केलं, जुलै २०२२ला राज्याने व्हॅट घटवला. मालवाहतूक करणाऱ्यांना यातला डिझेलचा भाग थोडाफार जाणवला.

कांद्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण शहरी ग्राहकाला दिलेल्या दिलाशाची किंमत इथे नाशिक जिल्ह्याने मोजली आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९८० साली मुंबई-आग्रा महामार्ग अडला तो ऊस आणि कांद्याच्या भावासाठी. १९९८ला भडकलेल्या कांद्याने दिल्लीची निवडणूक गाजवली आणि तेव्हापासून प्रत्येक सरकार या पिकाला दचकून असतं. २०१४-१५ला केंद्राने ५०० कोटींचा किंमत स्थिरीकरण निधी उभारला; त्यातून नाफेड या राष्ट्रीय सहकारी खरेदी संस्थेमार्फत कांदा खरेदी करून भाव चढले की बाजारात सोडायचा. हेतू रास्त होता. पण २०२३चं वर्ष बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांदा मातीमोल झाला तेव्हा राज्याने क्विंटलमागे ३५० रुपये, तेही २०० क्विंटलपर्यंत, जाहीर केले. सातबाऱ्यावर नोंद नसलेल्यांना ते मिळवताना नाकीनऊ आले. कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याला चार पैसे मिळायची वेळ आली, तर १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क आणि ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी. लासलगाव-पिंपळगावचे लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले. बंदी उठली ४ मे २०२४ला आणि शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ला. ग्राहकाची स्वस्ताई अर्थसंकल्पातून दिली तर तिचा हिशेब विधिमंडळात, संसदेत होतो. बंदीतून दिली तर ती कुठल्याच तरतुदीत दिसत नाही, निफाडच्या शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे मालविक्रीच्या पावतीत दिसते. मला हे अन्यायाचं वाटतं.

२८ जून २०२४च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी रोख मदतीचा मोठा अध्याय उघडला : ‘लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६० (नंतर ६५) वर्षांच्या, अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या महिलांना दरमहा १,५०० रुपये, पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज. बाईच्या स्वतःच्या खात्यात, तिच्या नावाने पैसा येणं ही लहान गोष्ट नाही, आणि ती हिणवणाऱ्यांशी माझा वाद आहे. पण रुपये हे किलोसारखे नसतात. भाव वाढले की १,५०० रुपयांत कमी येतं. निवडणुकीत २,१०० रुपयांचं आश्वासन दिलं गेलं. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींची तरतूद झाली, वाढ मात्र झाली नाही. ही रक्कम महागाई निर्देशांकाशी बांधली असती तर दर निवडणुकीला तिची बोली लागली नसती.

लघुउद्योगांना मिळालं ते बहुतेक कर्जच. २०१५ची मुद्रा कर्ज योजना, मे २०२०ची सरकारी हमीवरची आपत्कालीन पतहमी योजना, त्याच वर्षीच्या जूनमध्ये फेरीवाल्यांसाठी १०,००० रुपयांच्या कर्जापासून सुरू झालेली स्वनिधी योजना. टाळेबंदीत या कर्जांनी अनेकांना तगवलं हे खरंच. तरी कच्चा माल आणि वीज महागल्यावर कर्ज हा दिलासा नसतो, हप्ता असतो. त्यात शेतीची वीज स्वस्त ठेवण्याचा काही भार वीजदरातूनच उद्योगांवर येतो, म्हणजे अंबडमधला जॉबवर्क करणारा दुसऱ्याच्या सवलतीला हातभार लावत असतो.

या छोट्या उद्योजकाची खरी कोंडी असते अडकलेल्या बिलांची. २००६च्या कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायला सांगितलं, उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही लावलं. पण मोठ्या कंपनीवर दावा करून पुढच्या ऑर्डरवर पाणी सोडायला व्हेंडर, म्हणजे माल पुरवणारा, तयार होत नाही. २०२३च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने वेगळी वाट धरली : मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येणार नाही, प्रत्यक्ष देईल तेव्हाच वजावट मिळेल. १ एप्रिल २०२४पासून हे लागू आहे. सरकारी तिजोरीतून इथे एक रुपयाही वाटला जात नाही, आणि तक्रार करण्याचं ओझंही व्हेंडरच्या डोक्यावरून उतरतं.