पानं, माती आणि फुलांचे रंग : पेटी उघडण्याआधी हे वाचा

ही पेटी ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. आत १ किलो शाडू मातीची पूड, पाण्याने धुता येणारे तीन घट्ट रंग, स्पंजाचे सहा तुकडे आणि जाड कागद आहेत. पानं-फुलं मुद्दामच दिलेली नाहीत. ती मुलांनी स्वतः वेचायची आहेत. वेळ वाचवायला मोठ्यांनीच पिशवी भरून आणली, तर मुलांच्या वाट्याला नुसतं रंगकाम उरतं. एका मोठ्या माणसामागे चार मुलं पुरे. एका बैठकीला १५ ते २० मिनिटं धरा. पुढे लक्ष उडतं आणि रंग भिंतीकडे वळतात.

पान उमटवणं

इथे सगळं पानाच्या निवडीवर अवलंबून असतं. मागच्या बाजूला शिरा वर आलेल्या हव्यात. पेरूचं पान सगळ्यात भरवशाचं, त्याखालोखाल जास्वंद. केळ, कर्दळ यांचं पान मेणचट असतं; त्यावर रंग थेंबाथेंबाने गोळा होतो. चिंच आणि गुलमोहर यांची पानं दिसायला सुंदर, पण त्यांची बारीक पर्णिकं या वयाच्या बोटांत टिकत नाहीत. पान ओलं असेल तर आधी फडक्याने कोरडं करा, नाहीतर रंग फुटतो.

बशीत चमचाभर रंग घ्या. पाणी अजिबात घालू नका. स्पंज रंगात टेकवून पानाच्या मागच्या बाजूवर टिपत जा. फासलात तर शिरांमधल्या खाचा भरतात आणि कागदावर नुसता डाग उठतो. रंगाची बाजू खाली करून पान कागदावर ठेवा, वर रद्दीचा तुकडा पसरा. देठ मोठ्यांनी धरायचा आणि मुलाने तळवा देठाकडून टोकाकडे दाबत न्यायचा. देठ मोकळा राहिला की लहान हात पानाला बाजूला ढकलतो आणि ठसा दुहेरी येतो. पहिला ठसा बहुतेक वेळा चिकट, भरगच्च येतो. तोच पाहून पान टाकू नका: पुन्हा रंग न लावता त्याच पानाचा दुसरा आणि तिसरा ठसा घ्या, त्यांत बारीक शिराही दिसतात.

आसपास साग असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याची कोवळी पानं तळहातावर चोळू द्या. हिरव्या पानातून लाल रंग निघालेला पाहून मुलं थक्क होतात, आणि तेच बोट कागदावर टेकवलं की चित्रही होतं.

शाडू माती

पूड मोठ्यांनीच भिजवावी, कारण तिची धूळ नाकात जाते. अर्धा किलोला साधारण २०० मिली पाणी लागतं, पण ते थोडं थोडं घाला. हवेत दमटपणा असेल तर कमी पुरतं. पोळीच्या कणकेइतकी मऊ झाली की ओल्या फडक्यात रात्रभर झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी ती चांगली मळली जाते.

मुलाच्या मुठीएवढा गोळा, बोटभर जाडीची चपटी पोळी, त्यावर शेंगा, काटक्या, शिरांचं पान दाबून छाप उमटवायचा, एवढं पुरे. मुलांना बिया मातीत खोचायच्या असतात. खोचू द्या, पण वाळताना माती आकसते आणि गुळगुळीत बिया सुटून येतात, हे आधी सांगून ठेवा. छाप मात्र टिकतो.

तडे जाण्याचं कारण जवळजवळ नेहमी ऊन. वरचा थर आधी वाळून आकसतो, आतला ओला राहतो, आणि पोळी फाटते. सावलीत, वर्तमानपत्रावर ठेवा आणि रोज एकदा उलटा. जाडीप्रमाणे दोन ते पाच दिवस, पावसाळ्यात जास्त.

फुलांचे रंग

गोकर्णाची १५ निळी फुलं अर्धा कप कोमट पाण्यात १० मिनिटं ठेवा. पाणी तीन वाट्यांत वाटा. एकीत लिंबाचे थेंब टाकले की जांभळट गुलाबी, दुसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की हिरवट, तिसरी निळीच. हळदीच्या पाण्याने रंगवलेल्या कागदावर सोड्याच्या पाण्याचा कुंचला फिरवला तर लाल रेघ उमटते; हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तो याच गुणामुळे. चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर इजा होते. ही चित्रं उन्हात फिकी पडतात, खिडकीत लावू नका.

हे वेचू नये

गुंज, एरंड, कण्हेर, बिट्टी आणि धोतरा विषारी आहेत. गुंजेच्या लाल-काळ्या बिया मुलांना फार आवडतात, म्हणून तिच्यापासून मुलांना विशेष सांभाळा. रुईचा चीक डोळ्याला घातक असतो. हरभरा, वाटाणा यांसारखी कडधान्यं कलाकामात लहान मुलांच्या हाती सुटी देऊ नका. नाकात गेलेला दाणा ओलाव्याने फुगतो आणि काढणं अवघड होतं. वेचून आल्यावर हात साबणाने धुवावेत.

वाळलेली, तुटलेली माती फेकू नका. ठेचून बारीक करा, बुडेल इतक्या पाण्यात रात्रभर ठेवा, वरचं पाणी ओतून टाका आणि जुन्या सुती फडक्यावर पसरा. मळण्याजोगी घट्ट झाली की पुन्हा वापरा. रंग लागलेली माती मात्र वेगळी ठेवा.