काढलेला प्रोग्राम परत कुठून येतो?

गेल्या महिन्यात मिरजेहून मावशीचा फोन आला. “अरे, काल रात्री स्कॅन करून १३८ व्हायरस काढले. आज सकाळी परत ४१ दाखवतोय. लॅपटॉप टाकून देऊ का?”

आधी त्या आकड्याची भीती काढू. मावशीच्या लॅपटॉपमध्ये १३८ व्हायरस नव्हते, एकही नव्हता. पेन्शनचे कागद एकत्र करायला तिने पीडीएफ जोडणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं होतं. इन्स्टॉल करताना ती ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेली. एका खिडकीत आधीच टिक केलेला चौकोन होता, आणि त्या वाटेने दुसराच एक प्रोग्राम आत शिरला. तो ब्राउझरचं पहिलं पान बदलायचा आणि शोधाच्या निकालांत जाहिराती घुसवायचा. त्या एकट्याच्या ९२ फायली आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या, ४६ नोंदी स्कॅनरने वेगवेगळ्या मोजल्या, इतकंच.

व्हायरस स्वतःच्या प्रती काढून दुसऱ्या फायलींना चिकटतो. हा प्रोग्राम तसं करत नाही. तो आपला होकार घेऊन येतो, मग तो होकार फसवून घेतलेला का असेना. म्हणून सुरक्षा कंपन्या अशांना ‘पप’, म्हणजे ‘संभाव्यतः नकोसा प्रोग्राम’ म्हणतात. नाव इतकं सावधपणे ठेवलंय ते उगाच नाही. आपलं सॉफ्टवेअर अडवलं म्हणून झँगो या जाहिरात कंपनीने अमेरिकेत कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीला कोर्टात खेचलं होतं. २००७मध्ये खालच्या कोर्टाने आणि २००९मध्ये अपिलाच्या कोर्टानेही कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला. नकोसं सॉफ्टवेअर अडवायची मुभा त्यामुळे टिकली, म्हणून वापरणाऱ्याच्या दृष्टीने हा फार मोलाचा निकाल आहे.

आता मावशीचा खरा प्रश्न. काढलेल्या गोष्टी परत आल्या कुठून?

संगणक बंद केला की मेमरीत चालणारा प्रत्येक प्रोग्राम संपतो. पुन्हा चालू केल्यावर त्याला कोणीतरी उठवावं लागतं. म्हणून नकोशा प्रोग्रामचा जीव त्याच्या फायलींमध्ये नसतो, तो उठवणाऱ्या नोंदीत असतो. विंडोजमध्ये अशा नोंदीच्या जागा पुष्कळ: रजिस्ट्रीतल्या ‘रन’ नावाच्या कळा, स्टार्टअप फोल्डर, पडद्याआड चालणाऱ्या सर्व्हिसेस, ब्राउझरला जोडलेली छोटी एक्स्टेन्शन्स आणि टास्क शेड्यूलर. यातला टास्क शेड्यूलर सगळ्यात बेमालूम. ठरल्या वेळी ठरलेलं काम करायला विंडोजने ठेवलेला हा गडी. अपडेट शोधणं, डिस्कची साफसफाई अशी शेकडो कामं त्याच्याकडे आधीपासून असतात. विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमधल्या ‘टास्क्स’ फोल्डरात प्रत्येक कामाची एक छोटी मजकुराची फाइल असते: काय करायचं, केव्हा करायचं, कोणाच्या अधिकाराने करायचं.

दूरून जोडणी घेऊन मी मावशीच्या लॅपटॉपमधली ती यादी उघडली. ब्राउझरच्या अपडेटसारखं साळसूद नाव असलेलं एक काम होतं. लॉग-इन झाल्यावर आणि त्यानंतर दर तासाला ते चालायचं. पण त्यात त्या जाहिरातवाल्या प्रोग्रामचं नावसुद्धा नव्हतं! नाव होतं पॉवरशेलचं, म्हणजे लिहून दिलेल्या आज्ञा चालवणाऱ्या, विंडोजच्याच एका सच्च्या, मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या साधनाचं. स्कॅनरने ते सोडून दिलं ते याचमुळे. चोर बाहेर काढला, पण दार उघडणारा घरातलाच होता.

पॉवरशेलपुढे चारेक ओळींची अक्षरांची खिचडी होती. तिच्यात इंग्रजी ‘ए’ हे मोठं अक्षर सारखं डोकावत होतं, आणि ते पाहताच मला कळलं की आपण योग्य जागी आलोय. त्याचं कारण फार सुंदर आहे. बिट म्हणजे शून्य किंवा एक, आणि आठ बिटांचा एक बाइट. अशा गुंडाळलेल्या आज्ञेत पॉवरशेलला प्रत्येक अक्षर दोन बाइटांत लागतं. साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, त्यामुळे दुसरा शून्य राहतो. मग ही माळ बेस६४ पद्धतीने लिहिली जाते. तीन बाइटांचे २४ बिट घ्यायचे, त्यांचे सहा-सहाचे चार गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला ६४ चिन्हांतलं एक चिन्ह द्यायचं. सहाही बिट शून्य असतील तर चिन्ह येतं ‘ए’. एक आड एक बाइट शून्य म्हटल्यावर ‘ए’ पुन्हा पुन्हा येणारच. खिचडी उलट उलगडली तर आत एक वेबपत्ता निघाला. तिथून फाइल आण आणि चालव, एवढीच आज्ञा.

म्हणजे मावशी रात्री फायली काढत होती आणि सकाळी लॉग-इन होताच शेड्यूलर ताज्या फायली आणून ठेवत होता. म्हणून काढण्याचा क्रम महत्त्वाचा. मावशीला फोनवर एकेक पायरी सांगत आधी इंटरनेट तोडलं, मग ते काम पुसलं, मग प्रोग्राम अनइन्स्टॉल केला, स्कॅन केलं, रीस्टार्ट करून पुन्हा स्कॅन केलं. अशा सगळ्या जागा एकत्र दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं ‘ऑटोरन्स’ हे साधन फुकट मिळतं. मात्र त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोय आहे, तिच्यावर विसंबू नका. नुसत्या पॉवरशेलचं नाव असलेली नोंद तिच्याआड दडू शकते.

इथे एक गोष्ट रागाने सांगायची आहे. ‘रजिस्ट्री साफ करा, संगणक दुप्पट वेगाने पळेल’ अशा जाहिराती निव्वळ थाप आहेत. रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात. त्यातल्या हजारभर अनाथ नोंदी काढल्याने वेगात जाणवेल असा काही फरक पडत नाही, चुकीची नोंद गेली तर विंडोज मात्र उठेनासं होऊ शकतं. आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ म्हणून ज्याचा स्वतःहून फोन येतो तो भामटाच असतो, फोन ठेवून द्या.

काही वेळा प्रोग्राम आणि त्याला उठवणारा असे दोन्ही गेले तरी घाण उरते. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये २०१४च्या सप्टेंबरपासून ‘सुपरफिश’ नावाचा प्रोग्राम कारखान्यातूनच घालून येत होता. कुलूपबंद, म्हणजे वाटेत कोणी वाचू नये अशा, वेबपानांतही जाहिराती घालता याव्यात म्हणून त्याने विंडोजच्या विश्वासू यादीत स्वतःचं मूळ प्रमाणपत्र बसवलं होतं. मूळ प्रमाणपत्र म्हणजे नोटरीचा शिक्का समजा. तो ज्या कागदावर असेल तो कागद ब्राउझर खरा मानतो. घोटाळा असा की सगळ्या लॅपटॉपमध्ये शिक्का एकच होता, आणि तो उमटवायची गुप्त किल्लीही प्रत्येक लॅपटॉपमध्येच पडलेली होती. फेब्रुवारी २०१५मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षातज्ज्ञाने ती बाहेर काढली. तिचा पासवर्ड निघाला ‘कोमोडिया’, हे तंत्र बनवणाऱ्या कंपनीचंच नाव. आता एकाच वायफायवर बसलेला कोणीही त्या लॅपटॉपपुढे खोटी बँक उभी करू शकत होता. लोकांनी प्रोग्राम अनइन्स्टॉल केला, पण शिक्का यादीत तसाच राहिला. मग मायक्रोसॉफ्टने डिफेंडरला, म्हणजे विंडोजमधल्या अँटिव्हायरसला, दोन्ही काढायला शिकवलं.

मावशीच्या लॅपटॉपमधली प्रमाणपत्रांची यादी मी म्हणूनच तपासली. ती स्वच्छ होती. विंडोज सिक्युरिटीत ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’खाली नकोसे प्रोग्राम अडवायची कळ असते, तिच्याकडे ती बंद होती. ती चालू केली.

दोन दिवस स्कॅन शून्य दाखवत होता. तिसऱ्या दिवशी ब्राउझरमध्ये तेच जाहिरातींचं एक्स्टेन्शन हजर. या वेळी शेड्यूलरचा काही दोष नव्हता. सांगलीत नातवाच्या डेस्कटॉपवर ब्राउझरमध्ये मावशीचंच खातं उघडं होतं. हे एक्स्टेन्शन मध्यंतरी सिंकने, म्हणजे एका खात्याचे सगळे ब्राउझर सारखे ठेवणाऱ्या सोयीने, तिथे पोचलं होतं आणि आता तिथूनच परत आलं होतं. नातवाला फोन करून दोन्हीकडचं सिंक थांबवलं, दोन्ही ठिकाणचं एक्स्टेन्शन काढलं, खात्याचा पासवर्ड बदलला आणि मगच सिंक पुन्हा चालू केलं. पीडीएफ जोडायला मावशी आता नातवालाच सांगते.