जिओकॅशिंग, चर्चपरिसरातील

अक्षांश-रेखांशांवरून जीपीएसच्या साहाय्याने दडवलेली डबी हुडकण्याच्या छंदाचा एक प्रकार. डबीत नोंदवही असते. शोधणारा तीत नाव व तारीख लिहून डबी होती तशी ठेवतो. इंग्लंडमधील जुन्या पॅरिश (स्थानिक धर्मविभाग) चर्चांभोवती तो विशेष रूढ आहे.

उगम : डेव्ह अल्मर यांनी ३ मे २००० रोजी अमेरिकेतील ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ ठेवलेली बादली ही पहिली डबी मानली जाते. नागरी जीपीएस संदेशात मुद्दाम मिसळलेली त्रुटी त्याच सुमारास हटवण्यात आली होती. तोवर स्थाननिश्चितीत शंभर मीटरपर्यंत चूक संभवत असे. काहींच्या मते खरा उगम इंग्लंडमधील डार्टमूर या माळरानावरील लेटरबॉक्सिंगमध्ये (खुणांवरून दडवलेली पेटी हुडकण्याच्या खेळात) आहे. वाटाड्या जेम्स पेरॉट याने क्रॅनमिअर पूल येथे भेटपत्रांसाठी बाटली ठेवली, ती परंपरेनुसार १८५४ मध्ये. साम्य उघड असले, तरी थेट वारसा दाखवणे अवघड आहे. अल्मर यांचा हेतू प्रामुख्याने नव्या अचूकतेची परीक्षा पाहण्याचा होता. त्यामुळे २००० हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

चर्चचे स्थान : कोनशिला आणि थडग्यांवरील सनावळ्या हे या प्रकाराचे भांडवल. त्यांतील आकड्यांवरून अंतिम स्थान काढायचे असते. डबी बहुधा आवाराबाहेर असते. दफनभूमीत खणणे वर्ज्य.

कोल्हापूर : येथील वाइल्डर मेमोरियल चर्च अशा कोड्याला अनुकूल आहे. रॉयल गूल्ड वाइल्डर (१८१६–८७) हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचे पुत्र व पुढे अमेरिकेतील विद्यार्थी-मिशनरी चळवळीचे एक प्रवर्तक रॉबर्ट यांचा जन्म येथेच १८६३ मध्ये झाला. या दोन सनांतील ११ वर्षांचे अंतर कोड्यातील एखादा आकडा म्हणून सहज वापरता येईल. चर्च प्रेसबिटेरियन (एक प्रॉटेस्टंट पंथ) परंपरेतले असल्याने इंग्लंडमधील पॅरिशची हद्द येथे लागू करू नये.

शहराचे स्थान सुमारे १६° ४२′ उत्तर, ७४° १४′ पूर्व. स्थाने मिनिटाच्या तीन दशांश स्थळांपर्यंत देतात. या अक्षांशावर शेवटचा अंक एकाने बदलल्यास उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर, पूर्व-पश्चिम सुमारे १.७८ मीटर फरक पडतो. हा सूक्ष्मपणा कागदावरचाच. दगडी भिंतींवरून परावर्तित होणारे संदेश आणि दाट झाडी यांमुळे उपकरण कित्येक मीटर चुकते, म्हणून शाब्दिक सूचना आवश्यक ठरते. मोठी चूक वेगळीच : भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचे जुने गणिती प्रारूप) आधारलेले असून जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ हे नवे प्रारूप वापरते. रूपांतर न करता जुन्या नकाशावरील आकडे घेतल्यास कोल्हापूर परिसरात जागा शंभर मीटरहून अधिक सरकते, म्हणजे शोधणारा भलत्याच गल्लीत उभा राहतो.

मर्यादा : वर्दळीच्या ठिकाणी बेवारस डबी पोलिसांना संशयास्पद वाटू शकते आणि भिंतीशी वाकलेल्या माणसाला ‘काय हुडकाय लागलाय?’ हा प्रश्न चुकत नाही. डबीऐवजी शिलालेख वाचून उत्तर द्यायचा आभासी प्रकार येथे अधिक सोयीचा. प्रत्यक्ष डबी ठेवायचीच, तर जागामालकाची परवानगी लागते. शेजारच्या डबीपासून अंतर किमान १६१ मीटर असावे.