पुडीच्या आधीचा फुटपाथ

मुंबईत पुलाखाली नशा ओढायची पन्नी, म्हणजे चांदीचा कागद, घेऊन बसलेल्या माणसाला आपण ‘गर्दुल्ला’ म्हणतो आणि पुढे जातो. हा शब्द रूढ झाला १९८०च्या दशकात. फारसीत गर्द म्हणजे धूळ. इथे त्याचा अर्थ झाला ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन.

नशा त्याआधीही होती. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि त्यावर इथल्या मोठ्या पेढ्या गबर झाल्या. शहरात चंडूखाने, म्हणजे अफू ओढायचे अड्डेही होते. १९४९च्या अखिल भारतीय अफू परिषदेने औषधाखेरीज अफूचा वापर दहा वर्षांत बंद करायचं ठरवलं. पुढे १९७९ नंतर इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातलं युद्ध यांनी तस्करीच्या वाटा बदलल्या, आणि पाकिस्तानमार्गे गर्द मुंबईत उतरू लागलं.

ते उतरलं तेव्हा फुटपाथ भरलेलेच होते. जुलै १९८१मध्ये भर पावसात तिथल्या झोपड्या पाडून माणसांना बसमध्ये घालून शहराबाहेर धाडलं गेलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० जुलै १९८५चा निकाल म्हणतो की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण फुटपाथ चालण्यासाठी असतो, म्हणून झोपड्या हटवता येतील. फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा. ती मुदत संपून दोन आठवडे झाले आणि १४ नोव्हेंबरला अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला. त्यात स्वतः ओढणं हाही गुन्हा. भीक प्रतिबंधाचा १९५९चा कायदा तर आधीपासून होताच. पोटापाण्याचं साधन दिसत नसताना रस्त्यावर भटकणारा माणूस त्याच्या व्याख्येत भिकारीच ठरतो. उघड्यावर झोपणाऱ्याला पकडायला कलमं भरपूर होती. त्याला उपचारासाठी ठेवून घ्यायला खाट मात्र नव्हती.

उपचारांची सुरुवात मोजक्या माणसांच्या तळमळीतून झाली. १९८१मध्ये वांद्र्यात फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशन काढलं. १९८६मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. या कामाचं मोल मोठं आहे. पण दाखल होताना बहुतेक केंद्रांत घरचं माणूस बरोबर लागतं, आणि फुटपाथवरचा माणूस अडतो तो तिथेच.

२०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले. त्याआधीच, २०१०मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने लाख लोकवस्तीमागे एक निवारा सांगितला होता. मुंबईचे निवारे आजही त्या हिशेबाला पुरे पडत नाहीत.

गर्द सोडायचं तर आधी टर्की, म्हणजे नशा तुटल्यावर शरीराला होणारा त्रास, काढावी लागते. शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत नाक गळू लागतं, जांभया येतात, पाय आतून ओढल्यासारखे दुखतात, उलट्या होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो. घरात निदान दार लावता येतं, आई पाणी देते. पुलाखाली हे दिवस काढणाऱ्याच्या शेजारीच दुसरा कोणी पन्नीखाली काडी पेटवून गर्द ओढत असतो, आणि त्या धुराचा वास याच्यापर्यंत येतो.