पार्श्वभूमी : ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण

डिस्टॉर्शनसाठी, म्हणजे गिटारचा आवाज फाडण्यासाठी, बनवलेलं पेडल घ्यायचं आणि त्याचा ड्राइव्ह (फाटण्याचं प्रमाण) शून्यावर व लेव्हल (बाहेर जाणारा आवाज) पूर्ण ठेवून वाजवायचं, ही पद्धत हेवी संगीतात इतकी रुळली आहे की आता तिचं कारण कुणी विचारत नाही. कारण जुनं आहे. बूस्ट (सिग्नल वाढवून अँपकडे ढकलणारं पेडल) घ्यावं की डिस्टॉर्शन, या नेहमीच्या वादाचं मूळही तिथेच आहे.

आरंभ थोडक्यात. बाजारात आलेलं पहिलं फझ पेडल १९६२ चं. नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सरचं एक चॅनेल बिघडलं, बेस गिटारचा आवाज फाटला आणि तो अनेकांना आवडला. तोच मुद्दाम काढता यावा म्हणून हे पेडल तयार झालं. १९६५ मध्ये एका ब्रिटिश बँडचं गाणं गाजेपर्यंत त्याला फारसं गिऱ्हाईक नव्हतं.

आपल्या विषयाचा खरा पूर्वज मात्र साधारण त्याच सुमारास इंग्लंडमध्ये आलेला ट्रेबल बूस्टर. रेंजमास्टर नावाचा हा डबा अँपच्या डोक्यावर ठेवायचा असे. आत जर्मेनियमचा एकच ट्रान्झिस्टर. तेव्हाचे ब्रिटिश व्हॉल्व अँप पूर्ण आवाजावर नेले की खालचे सूर गढूळ व्हायचे. या डब्याच्या तोंडाशी अवघ्या ५ नॅनोफॅरडचा कपॅसिटर होता. त्यामुळे बेस दारातच अडायचा आणि मधले-वरचे सूर वाढून व्हॉल्ववर आदळायचे. आवाज फाटायचा तो अँपमध्येच. काय फाटायचं आणि काय नाही, एवढं डबा ठरवायचा. साठचं दशक संपता संपता न्यूयॉर्कहून एलपीबी-१ आला. तोही एकाच ट्रान्झिस्टरचा, पण सिलिकॉनचा, आणि बेसला न अडवणारा. इथून बूस्टच्या दोन वाटा झाल्या: काटछाट करून ढकलणारा आणि आहे तसं ढकलणारा.

सत्तरच्या दशकात मास्टर व्हॉल्यूमचे अँप आले आणि कमी आवाजातही प्रीअँप (अँपचा पहिला टप्पा) फाटू लागला. ज्यांच्याकडे तसा अँप नव्हता त्यांच्यासाठी आवाज आतल्या आत फाडणारी पेडल्स निघाली. १९७७ ते १९७९ ही तीन वर्षं मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटतात. १९७७ मध्ये जपानमधून ओडी-१ आलं, १९७८ मध्ये डीएस-१, त्याच सुमारास अमेरिकेतल्या मिशिगनमधून रॅट, आणि १९७९ मध्ये पुन्हा जपानमधूनच टीएस-८०८, म्हणजे हिरवा ट्यूब स्क्रीमर. रॅट आणि डीएस-१ मध्ये डायोड (सिग्नलची टोकं कापणारे भाग) ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) नंतर ग्राउंडला जोडलेले, म्हणून धार तीक्ष्ण. ओडी-१ आणि ट्यूब स्क्रीमरमध्ये ते ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे बाहेर पडलेला सिग्नल परत आत नेणाऱ्या वाटेत, म्हणून कडा गोलसर आणि बोटांचा जोर कमी-जास्त झालेला ऐकू येतो.

आता वादाचा मुद्दा. ट्यूब स्क्रीमर बूस्ट म्हणून वापरणं योग्य की ती तडजोड? एक पक्ष म्हणतो, बूस्टच हवा असेल तर क्लीन बूस्ट (आहे तसं ढकलणारा) घ्या, मिड हंपवालं, म्हणजे मधले सूर उचलणारं, पेडल कशाला? सर्किट पाहिलं तर हा आक्षेप टिकत नाही. त्यातल्या ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून सुमारे ७२० हर्ट्झची सीमा आखतात. तिच्या वरचे सूर ड्राइव्ह शून्यावर असतानाही जवळपास १२ पट वाढतात. खाली जाऊ तशी ही वाढ घटत जाते. सहाव्या तारेचा खालचा ई ८२ हर्ट्झचा, म्हणजे त्याच्या मूळ सुराला पेडल फारसं उचलतच नाही. टोनचा फिल्टर वरची चरचरही कापतो. उरतो तो मधला पट्टा.

हाय-गेन अँपला (सिग्नल खूप वाढवून स्वतःच फाडणाऱ्या अँपला) नेमकं हेच हवं असतं. नव्वदच्या दशकातल्या अशा अँपमध्ये गेन भरपूर होता, पण बेसही तितकाच. १९९० पासून बाजारात सात तारांच्या गिटार सर्रास मिळू लागल्या आणि खालचा बी ६२ हर्ट्झवर गेला. पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून) वाजवलं की अँप तो बेस फाडत बसे आणि ठोका विरघळून जाई. अँपच्या आधी क्लीन बूस्ट लावला तर बेसही तितकाच वाढतो, म्हणजे गोंधळात भरच. हिरवं पेडल लावलं की ठोका घट्ट होतो. तडजोड म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच अँपवर दोन्ही लागोपाठ वाजवून पाहावीत. पेडल बनवणाऱ्यांच्या मनात हा वापर नसेलही, पण रेंजमास्टर हेच काम आधी करून गेला होता.

१९९४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एकाच कारागिराने हाताने बनवलेलं सेंटॉर हे पेडल आलं आणि ‘ट्रान्सपरंट’ (पारदर्शक, म्हणजे मूळ आवाज न बदलणारं) हा शब्द सर्वांच्या तोंडी बसला. सर्किट दिसू नये म्हणून ते इपॉक्सीने झाकलेलं होतं. त्यात शुद्ध सिग्नल वेगळ्या वाटेने येऊन मिसळतो हे खरं. पण १ किलोहर्ट्झच्या आसपासचा उंचवटा त्यातही आहे. म्हणजे पारदर्शक म्हणून गाजलेलं पेडलही मिड उचलतं, आणि लोकांना त्यातलं आवडतं ते बहुधा हेच. जुन्या नगाला आज हजारो डॉलर मोजले जातात. त्याच्या नकला मात्र रास्त दरात मिळतात आणि कामही चोख करतात.

गेल्या दशकात तर ‘अटॅक’ नावाचा नॉब असलेली पेडल्स निघाली. तो फिरवला की बेस कुठे कापायचा हे ठरतं. काहींत नॉइज गेटही (वाजवणं थांबलं की खरखर बंद करणारा भाग) जोडलेला असतो. मॉडेलरमध्ये (अँप-पेडलांची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रात) मेटलचा प्रीसेट, म्हणजे तयार जुळणी, उघडा, अँपच्या आधी बहुधा हिरवा डबा दिसेलच.

ही सारी परंपरा फाटू शकणाऱ्या अँपवर उभी आहे. पुण्या-मुंबईच्या अनेक जॅम रूममध्ये ट्रान्झिस्टरचे अँप असतात. त्यांच्या क्लीन चॅनेलवर बूस्ट लावला की आधी नुसता आवाज वाढतो, आणि फार ढकलला तर कर्कश होतो. तिथे पहिली खरेदी रॅट किंवा डीएस-१ ची करावी, म्हणजे फाटणं पेडलमध्येच होईल. सिग्नलच्या वाटेत त्याच्या आधी ट्यूब स्क्रीमर लावला तर आवाज घट्ट होतो आणि नंतर क्लीन बूस्ट लावला तर सोलोला उठाव मिळतो. म्हणून क्लीन बूस्टचा क्रमांक या खरेदीत शेवटचा.