निवृत्त दांपत्याने स्वतःच्या गाडीने मिशनसेवेला जाताना : पात्रता, कागदपत्रे आणि मुदती

निवृत्तीनंतर मुंबईतील घर बंद करून पतिपत्नीने वर्षभर एखाद्या मिशन रुग्णालयात, शाळेत किंवा वसतिगृहात सेवा करावी आणि तेथवर स्वतःच्या गाडीने जावे, असे ठरवणाऱ्यांना चर्चची संमती हाच मुख्य टप्पा वाटतो. प्रत्यक्षात अडचण येते ती सेवाकाळाच्या मध्यावर मुदत संपणाऱ्या सरकारी कागदांमुळे. त्यामुळे प्रत्येक कागद निघण्याच्या दिवशी नव्हे, तर परतण्याच्या दिवशी वैध असेल का, हे आधी तपासावे.

चर्चकडे अर्ज करताना सहसा बाप्तिस्मा व विवाहाचे दाखले, आपल्या पॅरिशच्या फादरांचे किंवा मंडळीच्या पाळकांचे शिफारसपत्र आणि दोघांच्याही प्रकृतीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. जेथे मुलांशी संबंध येतो तेथे पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखलाही मागितला जातो. स्वीकृतीपत्रात कामाचे स्वरूप, कालावधी आणि निवासाची सोय स्पष्ट लिहून घ्यावी. दोघांपैकी एकाकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे कार्ड) असल्यास मिशनरी कार्यासाठी एफआरआरओची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या विभागीय नोंदणी कार्यालयाची, विशेष परवानगी आवश्यक असते, आणि परदेशातून परतलेल्या दांपत्यांच्या हे सहसा ध्यानातही येत नाही. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम किंवा मणिपूर येथील मिशनमध्ये जायचे असल्यास भारतीय नागरिकांनाही इनर लाइन परमिट (त्या राज्यात प्रवेशाचा परवाना) काढावे लागते.

वाहन परवान्याकडे विशेष लक्ष द्यावे. वयाच्या 55 वर्षांनंतर खासगी वाहनाच्या परवान्याचे नूतनीकरण एका वेळी केवळ 5 वर्षांसाठी होते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून परिवहन मंत्रालयाच्या सारथी पोर्टलवर करता येत असल्याने, सेवाकाळात मुदत संपणार असेल तर मुंबईतूनच तो करून निघणे शहाणपणाचे. सोबत नमुना 1-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. मुदत संपून वर्ष उलटले तर मात्र पुन्हा चाचणी द्यावी लागते. पतिपत्नी आळीपाळीने गाडी चालवणार असतील, तर दोघांचेही परवाने याच कसोटीवर पाहावेत.

गाडीच्या नोंदणीची पहिली मुदत 15 वर्षांची असते; ती संपत आली असल्यास नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला हजर करावी लागते, म्हणून हे काम मागे ठेवू नये. पीयूसी (प्रदूषण नियंत्रण) प्रमाणपत्र बीएस-4 या प्रदूषण-मानकाच्या व त्यापुढील गाड्यांना वर्षभर, तर जुन्या गाड्यांना सहा महिनेच चालते. 1 एप्रिल 2019 पूर्वी महाराष्ट्रात नोंदलेल्या गाडीवर उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवलेली हवी. गाडी परराज्यात सलग 12 महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 नुसार तेथे नवी नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली यांपैकी आपल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र नमुना 28 मध्ये घ्यावे लागते. सेवा महाराष्ट्रातच असल्यास हा खटाटोप वाचतो.

विम्याबाबत एक सूचना : खासगी गाडीच्या पॉलिसीत भाडे घेऊन रुग्ण किंवा माणसे नेणे बसत नाही, तेव्हा गाडी मिशनच्या अशा कामाला देऊ नये. वाटेत परवाना व नोंदणीपुस्तिका डिजिलॉकरमधून दाखवता येते.

राहिले पेन्शन. केंद्र व राज्य शासनाच्या निवृत्तांनी हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो; केंद्राच्या 80 वर्षांवरील निवृत्तांना तो 1 ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएस, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या, पेन्शनचा दाखला सादर केलेल्या दिवसापासून वर्षभर चालतो. जीवन प्रमाण ॲपवर चेहऱ्याच्या पडताळणीने हे काम कोठूनही होते, परंतु पेन्शन खात्याशी आधार जोडलेले आहे आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक चालू आहे, याची खात्री निघण्यापूर्वीच बँकेत करून घ्यावी. दोघांनाही स्वतंत्र पेन्शन असेल, तर प्रत्येकाचा दाखला वेगळा द्यावा लागतो.